जुनें भिंग, नवा कॅमेरा

गेल्या पावसाळ्यानंतर माळ्यावरची पेटी उन्हांत घातली, तेव्हां तींत कै. तीर्थरूपांचें एक भिंग सांपडलें. निकॉन कंपनीचें, ५० मिलीमीटरचें, एफ/२ चें. कॅमेरा केव्हांच गेला होता. भिंग तेवढें मागें राहिलें. मातोश्रींना यंदा नव्वदावें वर्ष लागलें आहे. त्यांचें एक छायाचित्र याच भिंगानें घ्यावें असें मनांत आलें. पुतण्याजवळ त्याच कंपनीचा डी ७००० हा डिजिटल कॅमेरा होताच.

भिंग कॅमेऱ्याच्या तोंडाशीं धरून मी फिरवूं लागलों, तों तें मध्येंच अडलें. अडलेल्या विद्यार्थ्यास जरा जोर लावून पुढें ढकलावयाची आम्हां मास्तरांची जुनी संवय. तोच उपाय येथें करणार, इतक्यांत पुतण्या ओरडला, "काका, थांबा! मोडेल तें!"

त्याचें म्हणणें खरें होतें. निकॉननें १९५९ सालीं भिंग बसविण्याचें जें कडें ठरविलें, तेंच पुढें डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांतही चालत आलें; म्हणून सर्व भिंगें सर्वत्र बसतील असा समज होतो. परंतु १९७७ सालीं कंपनीनें 'एआय' नांवाची पद्धत आणली. तींत छिद्र किती उघडें ठेवलें आहे, हें भिंगाच्या कड्याची खांच कॅमेऱ्यावरील एका बारीक खुंटीस कळविते. (छिद्र शोधणारा तो छिद्रान्वेषी, येथें मात्र त्यास दोष देतां येत नाहीं.) त्यापूर्वींच्या भिंगांची कड सलग असते व ती या खुंटीवर आदळते. १९७७ नंतरचें भिंग असतें, तर डी ७००० मध्यें त्याची लांबी व सर्वांत मोठें छिद्र यांची नोंद करतांच प्रकाशमापकही चालला असता.

दुसऱ्या कंपन्यांच्या भिंगांची अडचण निराळी. भिंगाचें कडें व फिल्म किंवा संवेदक यांतील अंतर निकॉनमध्यें ४६.५ मिलीमीटर, तर कॅननच्या ईओएसमध्यें ४४ आहे. म्हणून मध्यें अडीच मिलीमीटरचें कडें घालून निकॉनचें भिंग कॅननवर सुखानें बसतें. उलट, कॅननचीं जुनीं एफडी भिंगें ४२ मिलीमीटरसाठीं घडविलेलीं. तीं ईओएसवर साध्या कड्यानें लावलीं तर जवळचें फूल स्पष्ट दिसेल, दूरचा डोंगर दिसणार नाहीं.

अखेर मुलीचा जुना डी ४० कामास आला. त्यावर ती खुंटीच नाहीं! मात्र प्रकाशमापक मुका होतो. सारें हातानें ठरवावें लागतें. मातोश्रींना ओसरीवर बसविलें. आयएसओ ४००, एफ/४, सेकंदाचा १२५ वा भाग, असा अंदाज धरला व पडद्यावर पाहून सुधारीत गेलों. चुकलेल्या चित्रास आतां पैसे पडत नाहींत, हें केवढें सुख! संवेदक लहान असल्यामुळें ५० चें भिंग ७५ सारखें वागतें. चेहऱ्याच्या चित्रास तें बरेंच म्हणावयाचें.

खरी परीक्षा स्पष्टतेची. जुन्या कॅमेऱ्यांत दुभंगलेली आकृति जुळवावी लागे. ती सोय येथें नाहीं. त्याऐवजीं चौकटीच्या तळाशीं हिरवा ठिपका लागतो; तो स्थिर झाला कीं कळ दाबावयाची. पहिल्या चित्रांत कान स्पष्ट, डोळे धूसर. दुसऱ्यांत कुडी. तिसऱ्या वेळीं ठिपका डोळ्यावर धरून श्वास रोखला, आणि पांपणीचे केस मोजावेत असें चित्र आलें.

"तुझे बाबाही असेच," मातोश्री म्हणाल्या, "'हलूं नको' म्हणायचे, आणि मग पांच मिनिटें कांहींच व्हायचें नाहीं."

कातडी पिशवी ओल धरते व ओलीनें कांचेवर बुरशीचे तंतू चढतात, म्हणून ती टाकून भिंग आतां सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यांत ठेविलें आहे. पुतण्या म्हणतो, कारागिराकडून कड कापून घेतली तर तें डी ७००० वरही बसेल. तें खरेंच आहे. पण बाबांच्या बोटांनीं झिजलेलें तें कडें कापावयास माझें मन अद्याप घेत नाहीं.