नखाखालची मोहरी

थंड पाण्यात हात घातला की एकाच बोटातून कळ पार खांद्यापर्यंत जाते. एक्स-रे मात्र बहुधा स्वच्छ! ‘मनाचे खेळ’ म्हणून वर्षानुवर्षं झटकलं जाणारं हे दुखणं कधी कधी ग्लोमस ट्यूमरचं निघतं. त्वचेचं तापमान सांभाळणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म गुंत्यातून उगवलेली, बहुधा कर्करोग नसलेली, मोहरीएवढी गाठ. पिएर मासाँ यांनी १९२४ मध्ये तिचं मूळ ओळखलं. निदानाची युक्ती अगदी घरगुती वाटावी अशी: टाचणीच्या डोक्याने नख हळूहळू दाबत जायचं. नेमक्या एका ठिकाणी रुग्ण किंचाळतो, शेजारी काहीच नाही. दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला, की कळ ओसरते. एमआरआयने जागा पक्की होते. मग बोट बधिर करून नख उचलतात, गाठ समूळ काढतात, खालची नाजूक त्वचा शिवतात. गाठीचा कण उरला, तर कळ परतू शकते.