भिंतीवरचं मॉस झाडांचं पूर्वज नाही, मग नातं काय?

पावसाळा सुरू झाला की जुन्या भिंती, कौलं, विहिरींचे कठडे हिरवेगार होतात. हे सगळं आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. पण फरशीवरचा पाय घसरवणारा बुळबुळीत थर वेगळा आणि भिंतीवरची मऊ, मखमली गादी वेगळी. ही गादी बहुतेकदा मॉसची असते.

मॉसचं नातं शेवाळापेक्षा आंब्याशी जास्त जवळचं आहे. मॉस, नेचे, देवदार आणि आंबा या सगळ्यांचा भ्रूण सुरुवातीला मातृवनस्पतीच्या शरीरातच पोसला जातो. शेवाळात असा भ्रूण तयार होत नाही. जमिनीवरच्या या सगळ्या वनस्पती गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळांच्या एकाच शाखेतून, सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी आल्या असं मानलं जातं.

शाळेतली यादी आणि झालेला गैरसमज

थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी, आवृत्तबीजी. ही यादी अनेकांनी शाळेत पाठ केली आहे. अबीजपत्री आणि बीजपत्री ही तिच्यामागची विभागणी जर्मन शास्त्रज्ञ आइखलर यांनी 1883 मध्ये मांडली. ही यादी एखाद्या जिन्यासारखी वाटते. खाली शेवाळ, मग मॉस, मग नेचे आणि सगळ्यात वर फुलझाडं. त्यामुळे मॉसपासून नेचे झाले आणि नेच्यांपासून पुढची झाडं, असा समज होतो.

ब्रायोफायटा गटात तीन प्रकार येतात: मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट. त्यातलं लिव्हरवर्ट सगळ्यात साधं. जमिनीला चिकटलेलं आणि बऱ्याचदा चपट्या पानासारखं दिसणारं. हवेची ये-जा नियंत्रित करणारी पर्णरंध्रंही त्याला नसतात. म्हणून जमिनीवरच्या वनस्पतींमधली सगळ्यात जुनी शाखा लिव्हरवर्टचीच, असं अनेक शास्त्रज्ञ बरीच वर्षं मानत होते.

डीएनएने काय दाखवलं?

शेकडो जनुकांची तुलना करणारे अभ्यास 2018 आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वेगळं चित्र समोर आलं. मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट ही तिन्ही मिळून एकच शाखा ठरते. नेच्यांपासून फुलझाडांपर्यंत पाणी वाहून नेणाऱ्या ऊती असलेल्या सगळ्या वनस्पती ही दुसरी शाखा. दोन्ही शाखा एकाच पूर्वजापासून, एकाच वेळी वेगळ्या झाल्या. म्हणजे मॉस ही आंब्याची पणजी नाही, ती त्याची दूरची चुलत बहीण आहे.

मग लिव्हरवर्टच्या पर्णरंध्रांचं काय? ती त्यांच्या पूर्वजांना होती आणि पुढे नाहीशी झाली, असा निष्कर्ष या अभ्यासांतून निघतो. लिव्हरवर्टचा साधेपणा हा जुनेपणाचा पुरावा नाही.

साधेपणा नंतरही येऊ शकतो, हा विचार भारतात शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. लाहोरचे वनस्पतिशास्त्रज्ञ शिव राम कश्यप यांनी पश्चिम हिमालयातल्या लिव्हरवर्टचा अभ्यास केला. त्यांच्यातले काही साधे प्रकार हे गुंतागुंतीच्या प्रकारांपासून अवयव कमी होत होत तयार झाले, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा मुद्दा लिव्हरवर्टमधल्या नात्यांपुरता होता. पर्णरंध्रांच्या बाबतीत मात्र तोच धडा आता संपूर्ण गटाला लागू झाला आहे.

टेरिडोफायटा गटाचीही अशीच गंमत आहे. पुस्तकात नेचे आणि सेलाजिनेला शेजारी बसतात, पण वंशावळीत नेचे सेलाजिनेलापेक्षा आंब्याला जास्त जवळचे आहेत.

मग शाळेतली यादी चुकीची का? वनस्पती ओळखायला ती आजही उपयोगी पडते. फक्त तिला वंशावळ समजायचं नाही. भिंतीवरचं मॉसही झाडांइतकीच कोट्यवधी वर्षं बदलत आलं आहे. कडक उन्हात पार वाळून जायचं आणि पहिल्या सरीला पुन्हा हिरवं व्हायचं, हे त्याला जमतं. आंब्याला ते जमत नाही.