तुटायचं कुठे, ते आधी ठरवा
लेखमाला ‘घडवलेली गाडी’ : लेखांक सहावा

खंडव्याहून इंदूरला परतताना बडवाह मागे पडलं की भेरूघाट लागतो. निमाड सुटतो, माळवा सुरू होतो. गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी एका मित्राच्या डिझेल हॅचबॅकमध्ये मी त्याच्या शेजारी बसलो होतो. हिवाळ्यात त्याने इंजिनाचं रीमॅपिंग करून घेतलं होतं. आधी २०० न्यूटन-मीटर टॉर्क होता, तो टॉर्क मोजणाऱ्या डायनो यंत्राच्या कागदावर २६० दिसत होता. चढावर पुढचा ट्रक बाजूला झाला आणि मित्राने चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा २,३०० वरून सरळ ३,१०० वर गेला. वेगाचा काटा मात्र ६० वरच. आणि मग तो वास आला. एकदा ओळखीचा झाला की जन्मभर विसरत नाही असा, जळक्या क्लचचा.

दुसऱ्या दिवशी सांवेर रोडवरच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उतरवला. उस्तादांनी क्लच प्लेट माझ्या हातात दिली. अस्तर अजून बरंच जाड होतं, पण पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला, नख घासलं तरी ओरखडा उठेना. फ्लायव्हीलवर गोलाकार निळे डाग पडले होते. लोखंड तापून थंड झालं की पडतात तसे. उस्ताद म्हणाले, “भिया, इंजिन तो दौड़ गया, प्लेट पीछे रह गई.”

गेले तीन आठवडे आपण या लेखमालेत इंजिनाबद्दल बोललो आणि वाचकांची बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाची आली : अमुक गाडीतून किती ताकद निघेल? इंजिनातून ताकद काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. ती रस्त्यापर्यंत धड पोचवणं अवघड आहे. क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर ही एक साखळी आहे. ताकद वाढवली की या साखळीची कुठली तरी कडी सगळ्यात अशक्त ठरणारच. ती कुठली असावी, हे आपण निवडू शकतो. सुटे भाग निवडण्याचं सगळं शास्त्र मला या एका वाक्यात दिसतं.

मित्राला एक कोडं पडलं होतं. “सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये मी कितीदा जोरात गाडी काढली, टायर किंचाळले, तेव्हा क्लच घसरला नाही. घाटात चौथ्या गिअरमध्येच का?” कोडं चांगलं आहे आणि ते सोडवलं की बाकीचं बरंच सुटतं.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. पहिला गिअर ३.५ चा, डिफरन्शियलमधला फायनल ड्राइव्ह ४ चा. म्हणजे इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत १४ पट होतो. २६० ला १४ ने गुणलं की ३,६४० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली तर टायर रस्त्याला साधारण १,२४० किलोच्या जोराने मागे ढकलू पाहतो. आता रस्त्याची बाजू पाहू. चालकासह गाडीचं वजन १,१२० किलो, त्यातलं ६० टक्के पुढच्या चाकांवर. पण जोरात निघताना गाडीचं नाक वर उठतं, वजन मागे सरकतं आणि पुढे उरतात जेमतेम ५८० किलो. साध्या टायरची पकड ०.९ धरली तर रस्ता फार तर ५२० किलोचा जोर पेलतो. १,२४० च्या मागणीला ५२० चं उत्तर. साहजिकच चाक जागीच फिरतं. आणि चाक फिरत असताना क्लचवर किती टॉर्क येतो? ५२० किलोचा जोर उलटा मोजत आणला तर केवळ ११० न्यूटन-मीटरच्या आसपास.

चौथ्या गिअरमध्ये सगळं पालटतं. तिथे एकूण गुणाकार चारच्या थोडा वर असतो. टायरवर साडेतीनशे-पावणेचारशे किलोचा जोर येतो, तो टायर सहज पेलतो, त्यामुळे चाक घसरत नाही. घाट लांबलचक. इंजिनाचे पूर्ण २६० न्यूटन-मीटर मिनिटभर, दोन मिनिटं क्लचवरून जात राहतात. पहिल्या गिअरमध्ये टायर हा फ्यूज होता. चौथ्यात फ्यूज बदलला आणि तो क्लच झाला.

घरातल्या फ्यूजच्या तारेसारखाच हा प्रकार आहे. तार वितळते म्हणून भिंतीतली वायरिंग वाचते. टायर घसरतो तेव्हा तो आत बसलेल्या महागड्या गिअरना वाचवत असतो. म्हणून कोणी मला सांगितलं की आधी चिकट, रेसिंगच्या जातीचे टायर बसवले आणि क्लच-शाफ्टचं पुढे बघू, तर मी हात जोडून सांगतो, क्रम उलटा करा. पकड ०.९ वरून १.१ झाली की ड्राइव्हशाफ्टवरचा भार वीस-बावीस टक्क्यांनी वाढतो. त्यात क्लच पेडल एकदम सोडलं, चाकं उड्या मारू लागली, तर रस्त्यावर आपटणाऱ्या प्रत्येक उडीसरशी त्याहून कितीतरी मोठा झटका शाफ्टमधून जातो. माझ्या कपाटात एक मोडका शाफ्ट आहे. त्याच्या टोकाच्या सरळ खाचा दोरीच्या पिळासारख्या वळलेल्या दिसतात. शाफ्ट तुटण्याआधी पिळतो, आणि नियमित तपासणी करणाऱ्याला तो पीळ वेळेत दिसू शकतो.

आता क्लच. क्लच किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींवर ठरतं : अस्तराचं घर्षण, प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. घर्षण ०.३, दाब ५,००० न्यूटन, त्रिज्या साडेआठ सेंटीमीटर आणि प्लेटच्या दोन बाजू. गुणाकार येतो २५५ न्यूटन-मीटर. मूळच्या २०० च्या इंजिनाला ही जागा भरपूर होती. २६० च्या इंजिनाला नवी प्लेटसुद्धा अपुरी, मग तापलेली, गुळगुळीत झालेली प्लेट काय टिकणार!

क्षमता वाढवायला वाटा तीन. दाब वाढवा, घर्षण वाढवा, नाहीतर एकाऐवजी दोन प्लेटा घाला. घर्षण वाढवायचं म्हणजे सिरॅमिक पॅडची प्लेट. ती पकडते ती कचकन. ट्रॅकवर छान, पण संध्याकाळी पलासियावरून विजयनगरकडे इंचाइंचाने सरकताना गाडी उड्या मारते आणि अर्धा क्लच धरता येत नाही. दोन प्लेटांचा क्लच उत्तम, पण दैनंदिन गाडीला खर्च फार. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे : अस्तर साधंच, ऑरगॅनिक ठेवा आणि प्रेशर प्लेट कडक घ्या. दाब ५,००० चा ६,५०० केला की क्षमता ३३० वर जाते, म्हणजे २६० च्या सव्वापट. पेडल जड होतं, हे मान्य करून चला. शिवाय पेडल दाबलेलं असताना पायाचा तो वाढलेला जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवर येतो, म्हणून सिग्नलला गाडी न्यूट्रल करायची सवय लावा. इंदुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. कोरड्या क्लचला थंड करायला हवेशिवाय दुसरं काही नाही, आणि तीच हवा तापलेली असते.

ड्युअल क्लचवाल्यांनी तर कागद आधी वाचावा. फोक्सवॅगनच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीक्यू२०० गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये तो बसला तेव्हा इंजिन १७५ चं होतं. म्हणजे वर ७५ ची जागा. तोच गिअरबॉक्स १.५ लिटरच्या व्हर्टसमध्ये बसतो तेव्हा इंजिनच २५० चं आहे. बॅज एकाच कंपनीचा, गिअरबॉक्स तोच, पण रीमॅप करणाऱ्यासाठी या दोन अगदी वेगळ्या गाड्या आहेत.

फ्लायव्हील हलकं करावं का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. समजा, ३ किलो वजन काढलं आणि ते केंद्रापासून सरासरी दहा सेंटीमीटरवर होतं. पहिल्या गिअरमध्ये त्याचा परिणाम गाडीतून जवळपास ६५ किलो वजन उतरवल्याइतका होतो. कारण गिअरच्या गुणाकाराचा इथे वर्ग होतो, १४ चा १९६. पाचव्या गिअरमध्ये एकूण गुणाकार ३ च असेल तर तोच फायदा ३ किलोंवर येतो. म्हणजे हलकं फ्लायव्हील पहिल्या-दुसऱ्या गिअरचा खेळ आहे, हायवेचा नाही. डिझेल गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर ते काढून साधं बसवल्यावर रिकाम्या इंजिनाचा खडखडाट गाडीभर ऐकू येतो. तो सोसायची तयारी असेल तरच हात घाला.

इंदूरकरांना ही साखळी समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. मला मात्र त्याच पीथमपुरात २००७ पासून भरू लागलेली विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची बाहा स्पर्धा जास्त शिकवून गेली. तिथे बरीच वर्षं सगळ्या संघांना ३०५ सीसीचं, १० अश्वशक्तीचं एकच ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन असायचं आणि त्याला हात लावायची मुभा नसायची. मग पहिला आणि शेवटचा यांच्यात फरक पडायचा कशामुळे? बराचसा इंजिनाच्या पुढच्या साखळीमुळे. मुलं महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा गिअरबॉक्स आणायची, मारुती ८०० चे ड्राइव्हशाफ्ट कापून-जोडून बसवायची, आणि दगडगोट्यांवर चार-चार तास गाडी पळवताना कुणाचा सीव्ही जॉइंट आधी हात टेकतो ते बघायची. जॉइंटवरच्या फाटलेल्या रबरी बुटातून उडालेलं काळं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला गोल पसरलेलं दिसलं की अनुभवी मुलं गाडी चालवायचीच नाहीत.

आता फायनल ड्राइव्ह. ४ चा ४.५ केला की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर साडेबारा टक्क्यांनी वाढतो, इंजिनाला न शिवता. किंमत हायवेवर मोजावी लागते. ताशी १०० किलोमीटरला, पाचवा गिअर ०.७५ चा धरला, तर इंजिन साधारण २,६५० ऐवजी २,९८५ फेऱ्या मारतं. एबी रोडने मुंबईला दर महिन्याला जाणाऱ्याने हा बदल करू नये. शहरात आणि घाटात गाडी चालवणाऱ्याला तो कुठल्याही टर्बोपेक्षा स्वस्तात पडतो, आणि टर्बो पेट्रोलवाल्यांना तर त्याची गरजही कमीच भासते. टॉर्क मुबलक असला की गिअर थोडे लागतात. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५-३६ च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवलेली ड्यूसेनबर्ग एसजे घ्या. ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं सुपरचार्ज्ड इंजिन, कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा, आणि गिअर फक्त तीन.

डिफरन्शियलबद्दल इतकंच : साधा, उघडा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणजे ज्या चाकाखाली पकड कमी, त्याच्या मापानेच दोघांना मिळतं. पावसात वळणावर आतलं चाक फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही, ती यामुळेच. यावर उपाय लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा. ते दोन जातींचे. प्लेटांचा प्रकार जोरदार, पण प्लेटा झिजतात, वेगळं तेल लागतं, पार्किंगमध्ये कटकट आवाज येतो. गिअरवाला, म्हणजे टॉर्सेन किंवा क्वाइफ पद्धतीचा, बिनबोभाट काम करतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याची एकच उणीव, एक चाक हवेत उचललं गेलं तर तो हतबल होतो, कारण शून्याची कितीही पट शून्यच. रोजच्या गाडीला गिअरवालाच. वेल्डिंग करून डिफरन्शियल जाम करणारे लोक भेटतात. रस्त्यावर असं काही करू नका. वळणावर ती गाडी सरळ जाते आणि समोर कोण आहे ते बघत नाही.

कायद्याचं सांगायलाच हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी. केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवा. आणि सुपर कॉरिडॉरवर रात्री शर्यत लावणाऱ्या मुलांना मी मनापासून विनवतो, तिथे दूध आणि भाजीच्या गाड्याही त्याच वेळी निघतात.

मित्राच्या गाडीत शेवटी कडक प्रेशर प्लेट, ऑरगॅनिक प्लेट, फेसिंग करून घेतलेलं जुनंच फ्लायव्हील आणि नवे इंजिन माउंटिंग बसले. टायर मुद्दाम जुनेच ठेवले. पहिले ८०० किलोमीटर शहरात, पायावर ताबा ठेवून चालवले. ५०० झाल्यावर गिअर ऑइल काढलं. उस्तादांनी ड्रेन प्लगचं चुंबक बोटावर पुसलं : राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप. गिअर एकमेकांवर घासतात तेव्हा एवढं येतंच. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून बराच वेळ चाचपलं, बोटाला टोचणारा एखादा कण आहे का ते. नव्हता. मग नवं तेल ओतलं.

पुढच्या शनिवारी : ब्रेक.