अपंगत्वाचे पेन्शन : चुकीच्या फॉर्मची किंमत

कापडाच्या धंद्यात मजुराची पुंजी म्हणजे त्याचे हात आणि डोळे. ती पुंजी वेळेआधी गेली तर पुढे काय, हा प्रश्न आम्ही मालक मंडळी सहसा मनावर घेत नाही. २०१६ साली आम्हालाच तो भोवला.

आमच्या सायझिंगमधील एका जॉबरची नजर मधुमेहाने गेली. वय ४६, नोकरी सात वर्षांची, पगार १४ हजार. त्याला पैशाची निकड होती. आमच्या मुनीमजींनी राजीनामा लिहून घेतला, फंड काढण्याचा फॉर्म भरला आणि त्यासोबत पेन्शनची रक्कम काढून घेण्याचा १०-सी हा फॉर्मही भरला. आम्ही सही केली. रक्कम औषधोपचारात संपली. वर्षभराने तो विचारायला आला, "सेठ, मला पेन्शन नाही का?" तेव्हा आम्ही नियम वाचला आणि मान खाली घातली.

१९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत वयाचे पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते आणि त्याला दहा वर्षांची नोकरी लागते. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांमागे चार टक्के कपात होते, आणि ती कायमची असते. अपंगत्वाच्या पेन्शनचे तसे नाही. नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्ण अपंग झाला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी हक्क लागू होतो. वयाची अट नाही, कपात नाही. अपघात कारखान्यातच झाला पाहिजे असेही नाही. पूर्वी जे काम तो करीत होता त्या कामाला तो कायमचा निकामी झाला आहे, एवढे वैद्यकीय तपासणीत ठरावे लागते.

हिशेब सोपा आहे. पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. आमच्या जॉबरला दरमहा १,४०० रुपये हयातभर मिळाले असते.

आता पंचावन्न वर्षांचा, पंधरा वर्षे नोकरी झालेला कामगार घ्या. त्याच पगारावर अपंगत्वाचे पेन्शन ३,००० रुपये होते. त्याने घाईने लवकरचे पेन्शन मागितले तर सुमारे साडेतीनशे रुपये दरमहा कमी मिळतील. दोन्हींचा अर्ज एकच, १०-डी. फरक फक्त पेन्शनचा प्रकार कोणता लिहिला, याचा आहे. नोकरी सोडून लवकरचे पेन्शन सुरू केल्यावर पुढे अपंगत्व आले, तर प्रकार बदलून मागण्यास आधार राहत नाही, कारण नियमातील शब्द "नोकरीत असताना" असे आहेत. उलट, अपंगत्वाचे पेन्शन हयातभर चालते. ५८ पूर्ण झाले म्हणून नवा अर्ज करावा लागत नाही.

म्हणून व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे. आजारी कामगाराचा राजीनामा घाईने लिहून घेऊ नका. आधी डॉक्टरी कागद तयार होऊ द्या, अपंगत्वाची तारीख नोंदवा, मगच फॉर्म भरा. १०-सी वर सही करण्यापूर्वी दोनदा विचार करा.

यंत्रमागाच्या गावांत वीसपेक्षा कमी माणसांचे कारखाने पुष्कळ आहेत. फंडाचा कायदा साधारणपणे विसापासून लागू होतो, त्यामुळे तेथील मजुराच्या हाती यातले काहीच येत नाही. अशा निराधार अपंगासाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो.

आम्ही त्या जॉबरला दरमहा काही रक्कम देतो. पण ती आमच्या मर्जीची आहे. त्याचा हक्क होता तो आमच्या एका सहीने गेला.