शब्दाने शब्द वाढण्याआधी

गेल्या दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही चार कुटुंबं जमलो होतो. जेवणं झाली आणि गप्पा नेहमीच्या वळणावर आल्या: म्हाताऱ्या आईवडिलांना अमेरिकेत आणावं की तिथेच ठेवावं? माझं मत ठाम आणि आवाजही चढा. माझा मित्र आधी हिरिरीने बोलत होता. मग त्याची उत्तरं 'हं', 'असेल' एवढीच उरली. हातातल्या कागदी रुमालाची त्याने घट्ट गुंडाळी केली. एरवी मला 'अरे' म्हणणारा तो अचानक 'तुमचंच बरोबर' म्हणाला. मला वाटलं, मुद्दा पटला. मी आणखी एक उदाहरण दिलं. तो उठला, कोट चढवला आणि निघून गेला. त्याचे वडील तीनच महिन्यांपूर्वी गेले होते आणि त्याला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं. हे ठाऊक असूनही मी थांबलो नव्हतो.

राग तोंडातून बाहेर पडण्याआधी शरीरात दिसतो. अ‍ॅड्रिनलिन रक्तात सुटतं, नाडी आणि रक्तदाब वाढतो, स्नायू आवळतात. पती-पत्नींच्या भांडणांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की, नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की दुसऱ्याचं ऐकून घेणं अवघड होतं. अशा वेळी निदान २० मिनिटं थांबावं. रागाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, असं १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात आढळलं. आपल्या मंडळींत हृदयविकाराचं प्रमाण आधीच जास्त, म्हणून हेही लक्षात ठेवायला हवं.

खुणा कोणत्या? भुवया आक्रसणं, ओठ घट्ट मिटणं, जबडा आवळणं, बोट रोखून बोलणं. आवाज चढतो, तसा काहींचा एकदम खालीही जातो. कोणी मराठी सोडून इंग्रजीत शिरतं, कोणी 'अरे'वरून 'अहो'वर येतं. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. माणूस नुसता दमलेलाही असू शकतो. त्याच्या नेहमीच्या वागण्यात फरक पडला का, ते पाहावं.

खूण दिसली की आपलं वाक्य अर्धवट सोडायला शिकावं. 'चिडतोस कशाला?' किंवा 'शांत हो' म्हणू नये. त्याने आगीत तेलच पडतं. 'हे आज राहू दे' एवढं पुरे. चहा टाकावा, बाहेर चक्कर मारावी. तो उठून गेला तर दारापर्यंत वाद घालत मागे जाऊ नये. आपलाच पारा चढत असेल तर 'मला जरा वेळ दे' असं सरळ सांगावं. मात्र त्या वेळात तोच वाद मनात घोळवत बसलं तर राग उतरत नाही. थांबणं म्हणजे हार नव्हे. मत आपलंच राहतं, फक्त ते ऐकायला समोरचा तयार होईपर्यंत वाट पाहायची.

मी दुसऱ्या दिवशी फोन केला. 'चुकलो' म्हणालो, पुढे 'पण' जोडला नाही. तो 'नंतर बोलू' म्हणाला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला आणि आम्ही तासभर त्याच्या वडिलांविषयी बोललो. मी बहुतेक वेळ नुसतं ऐकलं.

इथे रात्री दोन वाजता इस्पितळात न्यायला सख्खा भाऊ नसतो, असा मित्रच असतो. एका वादात जिंकण्यासाठी त्याला गमावणं कोणालाही परवडणारं नाही.