दिव्यांगांच्या तक्रारी एका वहीत का हव्यात?

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशातील काम आटोपल्यावर एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. आपल्या कन्नडचा घाट उतरला की लागते ते चाळीसगाव. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. म्हणून सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

अपघाताची ही गोष्ट आपल्याला माहीत असते. पण ते तिथे कशासाठी गेले होते, हे आपण विसरतो. ते तक्रारीची नोंद घ्यायला गेले होते. एका गावचा बहिष्कार ‘त्या गावची भानगड’ म्हणून बाजूला सारता येतो. तेच जिल्ह्याजिल्ह्यातून लेखी पुढे आले की त्याला भानगड म्हणता येत नाही, उत्तर द्यावे लागते.

आज दिव्यांगांच्या हक्कांबाबत हीच पद्धत वापरण्याची गरज आहे. तक्रारी भरपूर होतात, पण त्या एकत्र येत नाहीत.

तक्रार कुठे हरवते?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ९ तालुके आहेत. समजा, सोयगावच्या एका अंध मुलीला परीक्षेत लेखनिक मिळाला नाही. पैठणच्या एका अस्थिव्यंग तरुणाला प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाच्या चार फेऱ्या माराव्या लागल्या. शहरातल्या एका कर्णबधिर कामगाराची संजय गांधी निराधार योजनेची रक्कम अडकली. पहिली तक्रार शाळेत किंवा शिक्षण विभागात जाईल, दुसरी रुग्णालयात, तिसरी तहसीलमध्ये. घरकुलाची तक्रार ग्रामपंचायतीत, दिव्यांग निधीची महापालिकेत, सवलतीची एस.टी. आगारात, मारहाणीची पोलीस ठाण्यात. शिवाय कोणी ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज टाकतो, कोणी लोकशाही दिनाला जातो, कोणी आमदाराच्या कार्यालयात चिठ्ठी देतो.

प्रत्येक टेबलावर ती एकच तक्रार असते. साहेब म्हणतात, ‘असे आमच्याकडे कधी होत नाही.’ ते खोटे आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे आकडा नसतो. कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये पन्नास फोटो असतात, पण कोणत्या तक्रारीला किती दिवस झाले हे त्यालाही सांगता येत नाही. मोबाइल हरवला की सगळे गेले.

कायद्याने दिलेल्या पायऱ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. शासकीय नोकरीत किमान ४ टक्के, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आरक्षण आहे. पण तक्रारीच्या दृष्टीने पुढील कलमे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवीत.

कलम २३ : प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. नोकरीतील भेदभावाची तक्रार त्याच्याकडे जाते. त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जाता येते. या समितीची तरतूद कलम ७२ मध्ये आहे.

कलम ७ : छळ, हिंसा किंवा शोषण होत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पोलिसांकडे तक्रार आली तर संरक्षण मागण्याचा आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क तक्रारदाराला सांगणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

कलम ८० व ८१ : राज्य आयुक्तांना स्वतःहूनही चौकशी करता येते. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात आहे. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची. शिफारस मान्य नसेल तर तीन महिन्यांतच कारणे द्यायची.

कलम ९२ : लोकांच्या नजरेसमोर दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा धमकावणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. ॲट्रॉसिटीची प्रकरणे हाताळणाऱ्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

कलम ९३ : या कायद्यानुसार जी माहिती देणे बंधनकारक आहे ती दिली नाही तर २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

या सगळ्यात मुदती आहेत. दोन आठवडे, तीन महिने. मुदत मोजायची तर सुरुवातीची तारीख लेखी हवी. म्हणून पोच नसलेली तक्रार ही तक्रारच नव्हे. आवक शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही.

वहीत काय लिहायचे?

यासाठी मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. एक जाड वही किंवा मोबाइलवरची एक तक्ता-फाइल पुरे. नमुना कायद्यातच आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नोंदवहीसाठी रकाने दिले आहेत : तक्रारीची तारीख, तक्रारदाराचे नाव, चौकशी करणाऱ्याचे नाव, घटनेचे ठिकाण, कोणाविरुद्ध तक्रार, थोडक्यात आशय, पुरावा, निकालाची तारीख, पुढे जिल्हा समितीत काय झाले. आपण हेच रकाने घ्यावेत आणि त्यात पाचांची भर घालावी : दिव्यांगत्वाचा प्रकार, स्त्री-पुरुष, तालुका, सामाजिक प्रवर्ग आणि तक्रारीचा विषय.

विषय आधीच ठरवून ठेवावेत. प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड, शिक्षण, नोकरी, पेन्शन-अनुदान, स्थानिक संस्थांचा ५ टक्के निधी, घरकुल, रॅम्प-शौचालय-लिफ्ट, प्रवास, हिंसा-अपमान. एकाने ‘सर्टिफिकेट’ लिहिले, दुसऱ्याने ‘दाखला’ आणि तिसऱ्याने ‘घाटीचे काम’, तर महिनाअखेरीस मोजणी होत नाही. शब्द एकच हवा.

प्रत्येक तक्रारीला आपला एक क्रमांक द्यावा. हीच तक्रार पोर्टलवर, लोकशाही दिनात आणि आयुक्तालयात गेली तरी आपल्या वहीत ती एकच राहते. बाकीचे क्रमांक तिच्यापुढे जोडायचे. असे केले नाही तर एक तक्रार तीनदा मोजली जाते. मग समोरचा अधिकारी एक चूक दाखवून सगळी यादी फेटाळतो.

बेरीज कशी वाचायची?

दर महिन्याला चार प्रश्न विचारावेत. कोणत्या विषयाच्या तक्रारी जास्त आहेत? कोणत्या कार्यालयाच्या? सरासरी किती दिवस लागले? मुदत उलटलेल्या किती?

इथे एक खबरदारी हवी. गंगापूरमधून तीस तक्रारी आल्या आणि सिल्लोडमधून दोन, म्हणून सिल्लोडचा कारभार चांगला असे ठरत नाही. कदाचित गंगापूरला आपला कार्यकर्ता फिरतो आणि सिल्लोडला कोणी पोहोचलेच नाही. ज्या तालुक्यातून तक्रार येत नाही तिथे आधी जायला हवे. बौद्धिक दिव्यांगत्व, मनोविकार, बहिरेपण असलेल्या व्यक्तींच्या तक्रारी यादीत कमी दिसल्या तरी हाच अर्थ घ्यावा. त्यांना त्रास कमी नसतो, सांगण्याची वाट नसते.

जात आणि दिव्यांगत्व वेगळे मोजून चालत नाही

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते. महाराष्ट्रातील संख्या २९ लाख ६३ हजारांच्या वर होती.

२७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली खटल्यात निकाल दिला. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जातीच्या एका अंध तरुणीवरील बलात्काराचा हा खटला. न्यायालयाने बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. मात्र जातीच्या कारणावरून गुन्हा झाल्याचा स्वतंत्र पुरावा नोंदीवर नाही म्हणून ॲट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षा टिकली नाही. स्त्री, दलित आणि अंध या तिन्ही गोष्टी एकत्र येऊन तिला असुरक्षित करतात, हे न्यायालयाने सविस्तर मांडले. लैंगिक हिंसेची आकडेवारी ठेवताना दिव्यांगत्वाचीही वेगळी नोंद करण्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने गांभीर्याने विचार करावा, असेही सांगितले.

ॲट्रॉसिटी कायद्यातील ते कलम २०१६ पासून बदलले आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे याची आरोपीला जाणीव असणे आता पुरेसे ठरते. पण ती जाणीवही पुराव्यानेच दाखवावी लागते. म्हणून आपल्या वहीत जातीचा रकाना आणि दिव्यांगत्वाचा रकाना शेजारी-शेजारी हवेत. फिर्याद लिहिली जात असताना दोन्ही गोष्टी तिच्यात आल्या का, हे त्याच दिवशी पाहायला हवे. नंतर दुरुस्ती फार अवघड जाते.

माहिती ही त्या माणसाची आहे

वही तयार झाली की मोह होतो. फोटो काढावा, नाव टाकावे, व्हॉट्सॲपवर फिरवावे. हे करू नये. आजार, दिव्यांगत्व, जात, पत्ता ही नाजूक माहिती आहे. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे.

नावांची यादी दोघा जबाबदार व्यक्तींकडेच असावी. बैठकीत, निवेदनात, बातमीत फक्त आकडे आणि क्रमांक जावेत. नोंदीआधी संमती घ्यावी आणि तक्रार मागे घेण्याची मोकळीक द्यावी. बौद्धिक दिव्यांगत्व आहे म्हणून त्या व्यक्तीला न विचारता फक्त पालकांना विचारणे चुकीचे आहे. सोप्या शब्दांत, वेळ देऊन विचारावे. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना सांकेतिक भाषा जाणणारा सोबत हवा, आणि शक्यतो तो तक्रारीशी संबंधित नातेवाईक नसावा.

नोंद ठेवणाऱ्या गटात दिव्यांग साथी असलेच पाहिजेत. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही हे आहे. त्याच्या कलम ३१ मध्ये वर्गवारीसह आकडेवारी गोपनीयता राखून जमवायला सांगितले आहे, तर कलम ३३ मध्ये देखरेखीत दिव्यांग व्यक्ती व त्यांच्या संघटनांचा सहभाग आवश्यक मानला आहे.

सुरुवात कुठून?

पहिल्या महिन्यात विहारात किंवा अभ्यासिकेत आठवड्यातून एक दिवस नोंदणीचा ठेवावा. जागा तळमजल्यावर हवी. पायऱ्या चढून वर या असे सांगून दिव्यांगांच्या हक्कांचे काम होत नाही.

दुसऱ्या महिन्यात माहिती अधिकाराचे अर्ज टाकावेत. तक्रार निवारण अधिकारी कोण? नोंदवहीत वर्षभरात किती तक्रारी आल्या, दोन आठवड्यांत किती चौकशा झाल्या? जिल्हा समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या? ५ टक्के निधी किती होता, किती खर्च झाला? अर्जाला १० रुपये आणि उत्तराला ३० दिवस. शासकीय वही आणि आपली वही शेजारी ठेवली की फरक दिसतो.

तिसऱ्या महिन्यात दोन पानांचा गोषवारा करून जिल्हाधिकारी, जिल्हा समिती आणि पुण्याच्या आयुक्तालयाला एकाच दिवशी द्यावा. एकट्या माणसाच्या अर्जाने रॅम्प झाला तर होतो. एकाच कार्यालयाविरुद्ध तारखांसह वीस नोंदी असतील तर आयुक्तांना स्वतःहून चौकशी करायला आधार मिळतो आणि गरज पडली तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात उभे राहायला वकिलाला कागद मिळतो.

एवढे करूनही काही तक्रारी सुटणार नाहीत. पण ज्याची तक्रार आहे त्याला पुढच्या वेळी ‘तुमचे प्रकरण काय होते?’ असे पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागणार नाही. आपल्या वहीत ते तारखेसह लिहिलेले असेल. पैठणच्या त्या तरुणाची पाचवी फेरी वाचवण्यापासून सुरुवात करू या.