वल्हे मारणाऱ्यांची कंबर आणि योगासने

नौकानयन म्हणजेच रोइंग हा हातांचा खेळ, असे पुष्कळांना वाटते. खरा जोर मात्र पायांचा. होडीतली बैठक रुळावर पुढे-मागे सरकते. खेळाडू गुडघे दुमडून पुढे येतो, वल्हे पाण्यात टाकतो, पायांनी रेटा देतो; मग पाठ आणि शेवटी हात. २००० मीटरच्या शर्यतीत हे दोनशेहून जास्त वेळा करावे लागते.

इथेच कंबरेचा प्रश्न येतो. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की खुबा नीट वाकत नाही. मग कंबर गोल होते आणि पायांचा सगळा जोर तिच्यावर पडतो. जव्हार-मोखाड्यात भाताची आवणी करणाऱ्या बायांना हे सांगायला नको. दिवसभर वाकून कंबर कशी धरते, ते त्यांनाच विचारा.

सरावाला जोड म्हणून योगासने इथे कामाला येतात :

• पश्चिमोत्तानासन, अधोमुख श्वानासन : मांडीमागचे स्नायू मोकळे होतात.
• मालासन : उकिडवे बसणे. खुबा आणि घोटा दोन्ही वाकतात. आपल्याकडच्या मुलांना ही बैठक सवयीची आहे. खुर्चीच्या नादात ती सोडू नये.
• शलभासन, नौकासन : पाठ आणि पोट मजबूत होते.
• अर्धमत्स्येंद्रासन : एकाच बाजूला वल्हे मारणाऱ्याचे शरीर एकीकडे ओढले जाते. दोन्ही बाजूंना सारखा पीळ दिला की पाठ मोकळी होते.

श्वासाचेही तसेच. आसनात श्वास न रोखण्याची सवय लागली, की वल्ह्याच्या लयीत श्वास घेणे सोपे जाते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ताण देऊन बराच वेळ थांबायची आसने शर्यतीच्या अगदी आधी करू नका. त्याने स्नायूंचा जोर थोडा कमी होतो. सरावानंतर करा. आणि कंबरेची कळ पायात उतरत असेल, तर आसने थांबवून आधी डॉक्टर गाठा. योग सरावाची जागा घेत नाही, सराव टिकवतो.

हे आपल्या मुलांना का सांगायचे? शेजारच्याच नाशिक जिल्ह्यातल्या, दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. सैन्यात गेल्यावर त्याने वल्हे हातात धरले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक जिंकला. सैन्यभरतीसाठी पहाटे घाट पळणाऱ्या आपल्या नौजवानांकडे मेहनत आहेच. पळून आल्यावर दहा मिनिटे या आसनांना द्या; पुढे वल्हे हाती येवो वा न येवो, कंबर साथ देईल.